टप्प्याटप्प्याने तंबाखूमुक्ती : बिडी, सिगारेट आणि नवा व्हेप

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आरोग्य समितीतर्फे केलेले भाषण)

 

समितीने आरोग्यावर दोन शब्द बोलण्याची जबाबदारी आमच्यावर टाकली, त्याबद्दल आम्ही समितीचे आभारी आहोत. विषय कोणता घ्यावा यासाठी आम्हाला फार शोधाशोध करावी लागली नाही. वस्तीत घरोघर फिरताना तीन प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले गेले, तेच आज आपल्यासमोर ठेवतो.

पहिला प्रश्न नोकरी करणाऱ्या तरुणांचा. "दादा, सिगारेट एकदम सुटत नाही. त्याच्याऐवजी व्हेप घेतला आणि हळूहळू कमी करत गेलो तर चालेल का? इंग्लंडमध्ये तर म्हणे डॉक्टरच सांगतात." दुसरा प्रश्न एका आईचा. "पोराच्या दप्तरात पेनासारखं काहीतरी सापडलं. गोड गोड वास येते त्याचा. ते काय असते जी?" आणि तिसरा प्रश्न आजोबांचा. "मी तं सिगारेटला हातही नाही लावत. साधी बिडी ओढतो. मले काय होते?"

हे तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांची उत्तरेही प्रामाणिक द्यायला हवीत. "व्यसन वाईट, सोडून द्या" एवढे सांगून आम्ही खाली बसलो तर टाळ्या पडतील, पण बाहेर पडल्यावर ज्याची तल्लफ आहे तो ठेल्याकडेच जाईल. म्हणून आज उपदेश कमी आणि माहिती जास्त, असे आम्ही ठरवले आहे.

सुरुवात आजोबांपासून करू. आपल्या विदर्भाचे आणि बिडीचे नाते जुने आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता निघतो आणि कामठी, नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत बिडी वळून हजारो घरांच्या चुली पेटल्या. ज्यांनी आपल्याला 'जयभीम' हा शब्द दिला, ते कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे हे बिडी मजुरांचेच पुढारी होते. १९३२ साली त्यांनी बिडी मजुरांचा संघ उभा केला, १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयरोगाने त्यांना आपल्यातून नेले. हे सांगण्याचे कारण असे की, बिडीवर बोलताना बिडी वळणाऱ्या हातांचा अपमान आमच्याकडून होणार नाही. त्या हातांनी लेकरे शिकवली आहेत. पण वळणाऱ्याच्या घामाचा मान राखायचा म्हणून ओढणाऱ्याच्या छातीकडे डोळेझाक करता येत नाही.

बिडी साधी असते, सौम्य असते, हा समज चुकीचा आहे. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी वारंवार विझते, ती पेटती ठेवायला झुरके जास्त मारावे लागतात आणि जोरात ओढावे लागतात. त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू सिगारेटइतकाच, कधी कधी त्याहूनही जास्त छातीत उतरतो. आजोबा, आपण सिगारेटला हात लावत नाही, पण छातीला ते कळत नाही.

आता थोडे समजून घेऊ की हे व्यसन नेमके असते कसे. तंबाखूच्या धुरात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय व्हेपचा प्रश्न सुटत नाही. एक आहे निकोटीन. धूर ओढल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचते. तिथे बरे वाटते, डोके मोकळे झाल्यासारखे वाटते. मग ते उतरू लागते, साधारण दोन तासांत निम्मे होते, आणि माणूस बेचैन होतो. ती बेचैनी घालवायला तो पुन्हा ओढतो. म्हणजे सिगारेटने जी बेचैनी जाते, ती आधीच्या सिगारेटनेच आणलेली असते. दुसरी गोष्ट आहे जळणे. तंबाखू जळला की त्यातून सात हजारांहून जास्त रसायने निघतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी आहेत. साध्या भाषेत सांगायचे तर, माणसाला बांधून ठेवते ते निकोटीन आणि माणसाला मारतो तो मुख्यतः धूर.

मग एखाद्याच्या मनात येणारच, की निकोटीन द्यायचे पण धूर द्यायचाच नाही, असे करता येईल का? हाच विचार चीनमधील होन लिक नावाच्या औषधशास्त्र्याने केला आणि २००३ च्या सुमारास आजची ई-सिगारेट तयार झाली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता. त्याच्या यंत्रालाच पुढे लोक व्हेप म्हणू लागले. त्यात तंबाखू जळत नाही. एक लहान बॅटरी असते, तिच्यावर तार तापते आणि त्या उष्णतेने निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी असले वास घातलेले असतात. आईने विचारले होते ना, गोड वास कशाचा? तो याचा.

तरुण मित्रांनी इंग्लंडचे जे सांगितले ते खोटे नाही. आम्ही ते झाकून ठेवणार नाही. तिथल्या सरकारी आरोग्ययंत्रणेने २०१५ साली असा अंदाज मांडला की व्हेपचे नुकसान सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी आहे. हा आकडा तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजमाप नव्हते, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण जो माणूस सिगारेट पूर्ण सोडून फक्त व्हेपवर जातो त्याच्या शरीरात विषारी द्रव्ये पुष्कळ कमी जातात, हे बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. २०१९ साली इंग्लंडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ माणसांचे दोन गट केले. एका गटाला व्हेप दिला, दुसऱ्याला निकोटीनची च्युइंगगम, चिकटपट्टी असली औषधे दिली. दोन्ही गटांना दर आठवड्याला समुपदेशन दिले. वर्षभराने पाहिले तर व्हेपच्या गटात १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती आणि औषधांच्या गटात ९.९ टक्के लोकांची. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख लोकांना सिगारेटच्या बदल्यात व्हेपचा संच देण्याची योजना जाहीर केली.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, झाले तर मग, प्रश्न मिटला! पण त्याच अभ्यासाचा दुसरा आकडाही ऐका. व्हेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. औषधांच्या गटात औषध वापरत राहिलेले फक्त ९ टक्के होते. म्हणजे धूर सुटला, पण दावे सुटले नाही. बैल एका खुंट्यावरून सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधला. दुसरा खुंटा पहिल्यापेक्षा बरा असेलही, पण बैल मोकळा झाला असे कोणी म्हणू नये.

आणि इंग्लंडात व्हेप कसा दिला जातो हेही बघा. द्रवातले निकोटीन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद आहे. सोबत समुपदेशक आहे. इतके असूनही तिथली शाळकरी मुले त्याच्या नादी लागली, आणि शेवटी १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर तिथे बंदी घालावी लागली.

आता आपल्या घरी या. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, वाटणे, साठवणे, तिची जाहिरात करणे, सगळे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा योग्य की अयोग्य, बिडी-सिगारेट उघड विकायची आणि व्हेपवर बंदी हे कितपत बरोबर, यावर वाद घालणारे शहाणे लोक आहेत. त्यांनी वाद घालावा. आमच्यापुढे वस्तीतला पोरगा आहे. त्याला मित्रासाठी चार व्हेप आणून देण्याची बुद्धी झाली, तर पोलिसांच्या नोंदीत तो विक्रेता होतो. शिकलेल्या, नोकरीच्या अर्जावर बसलेल्या आपल्या मुलाच्या नावावर गुन्हा लागणे म्हणजे काय, हे या सभेत कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण राहते. आपल्याकडे जे चोरून मिळते त्यात काय भरले आहे, निकोटीन किती आहे, हे तपासणारे कोणी नाही. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्या तरुणांची फुफ्फुसे एकाएकी निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात भरती झाले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. नीट चौकशी केल्यावर दिसले की दोष मुख्यतः गांजाचा अर्क असलेल्या, बहुतेक अनधिकृत मार्गाने घेतलेल्या द्रवांचा होता. त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाचे तेलकट द्रव्य मिसळलेले होते. साध्या निकोटीनच्या व्हेपने ती साथ आली असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे ठरेल. पण चोरट्या मालात काय असते ते छातीला कळेपर्यंत माणसाला कळत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. आम्ही पाहिलेले बहुतेक तरुण सिगारेटच्या ऐवजी व्हेप ओढत नाहीत, सिगारेटच्या जोडीला ओढतात. कामावर, गाडीत, घरात जिथे धूर चालत नाही तिथे व्हेप, आणि ठेल्यावर मित्रांसोबत सिगारेट. अशाने मेंदूला निकोटीनची सुटी कधी मिळतच नाही. पूर्वी घरात असताना तीन-चार तास जे थांबणे व्हायचे तेही बंद होते. मनाला मात्र वाटते की आपण सोडायच्या वाटेवर आहोत. असेच पूर्वी 'लाइट' सिगारेटच्या बाबतीत झाले. सौम्य म्हणून लोकांनी ती घेतली आणि निकोटीन पुरेना म्हणून जोरात, खोल ओढली. हिशेब तिथल्या तिथेच राहिला.

म्हणून पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे : हळूहळू कमी करण्याचा तुमचा विचार चांगला आहे, पण त्यासाठी निवडलेला जिना आपल्या देशात चुकीचा आहे. इथे कायदेशीर, तपासलेला आणि स्वस्त जिना उपलब्ध आहे. तोच आता सांगतो.

त्याआधी 'कमी करणे' म्हणजे काय ते स्पष्ट करू. पुष्कळजण अभिमानाने सांगतात, "पाकिटावरून दोनवर आलो." त्यांचे अभिनंदन. पण तिथेच घर बांधू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांतील माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो रोज वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा निघाला. विसाव्या हिश्श्याला विसावा हिस्सा धोका, असे हृदयाचे गणित नाही. शिवाय कमी केलेला माणूस उरलेली सिगारेट पार बुडापर्यंत ओढतो, धूर छातीत कोंडून धरतो. कमी करणे ही पायरी आहे. पायरीवर पाय ठेवायचा असतो, मुक्काम करायचा नसतो.

एकदम सोडलेले बरे की हळूहळू? इंग्लंडमध्ये २०१६ साली याचाही अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे सातशे लोकांपैकी अर्ध्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम सोडली, अर्ध्यांनी दोन आठवडे कमी करत नेऊन त्या दिवशी सोडली. चार आठवड्यांनी पाहिले तेव्हा एकदम सोडणाऱ्यांत ४९ टक्के टिकून होते आणि हळूहळूवाल्यांत ३९ टक्के. म्हणून ज्याच्यात हिंमत आहे त्याने दिवस ठरवून एकदम सोडावे, हेच उत्तम. पण हळूहळूवालेही शंभरात एकोणचाळीस टिकले, हे विसरू नका. ज्याला एकदम जमत नाही त्याने हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा हा मार्ग घ्यावा. अट एकच. शेवटची तारीख आधी ठरवायची. तारीख नसलेले 'हळूहळू' आयुष्यभर चालते.

तारखेसाठी आम्ही आपल्याला एक सूचना करतो. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तिथून अशोक विजयादशमीपर्यंत साधारण बारा आठवडे मिळतात. समजा एखादा दिवसाला बारा सिगारेटी ओढतो. पहिल्या आठवड्यात बारा, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात दहा, असे दर आठवड्याला एक कमी केले तर बाराव्या आठवड्यात एक उरते आणि विजयादशमीला शून्य. बिड्यांचा हिशेब दोन-दोनने धरा. जो दिवशी सारा नागपूर दीक्षाभूमीकडे चालत असतो, त्या दिवशी खिसा रिकामा ठेवून चालायचे. ज्याला इतका वेळ नको असेल त्याने दोनच आठवड्यांत करावे, जास्त चांगले.

आता रोजच्या व्यवहारातल्या काही गोष्टी. पहिली, पाकीट घेऊ नका आणि बंडलही घेऊ नका. ठरल्या संख्येइतक्याच सकाळी एका डबीत मोजून ठेवा. दुसरी, छोटी वही करा. किती वाजता ओढली आणि का ओढली, एवढेच लिहा. आठ दिवसांत आपल्यालाच दिसते की बारापैकी पाच-सहा तर तल्लफ नसताना, केवळ चहा आला म्हणून किंवा कोणी पुढे केली म्हणून ओढल्या. त्या आधी कमी करा, त्या सोप्या असतात. सकाळची पहिली सगळ्यांत अवघड, तिला शेवटी हात घाला, पण रोज पंधरा-वीस मिनिटे पुढे ढकलत चला. तिसरी, तल्लफ आली की घड्याळ बघा. ती लाटेसारखी येते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, दारापर्यंत चक्कर मारा. सुपारी मात्र नको, तीही कर्करोग करते.

चौथी गोष्ट औषधाची. निकोटीनची च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. दोन मिलिग्रॅमची मिळते, जास्त ओढणाऱ्यांना डॉक्टर चारची लिहून देतात. व्हेपचे जे काम तुम्हाला हवे होते, म्हणजे धुराशिवाय निकोटीन आणि ते हळूहळू कमी करत नेणे, तेच काम ही करते, तेही उघडपणे आणि मोजलेल्या मात्रेत. पण ती साध्या च्युइंगगमसारखी सतत चघळायची नाही. दोन-चारदा चावायची, तिखट झणझणीत लागले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा चावायची. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नको, नाहीतर ती लागू पडत नाही. गरोदर भगिनींनी आणि हृदयाचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सोडायला मदत करणाऱ्या इतर गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरच देतील.

पाचवी, टेलिफोन. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावरच हा छापलेला असतो, पण ज्याच्या हातात पाकीट असते तो तिकडे बघत नाही. समुपदेशक नाव विचारून लाजवत नाहीत, तारीख ठरवायला मदत करतात.

सोडल्यावर काय होते तेही सांगून ठेवतो, म्हणजे कोणी घाबरणार नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण. चिडचिड, झोप न लागणे, भूक वाढणे, कधी खोकलाही वाढतो. दोन ते चार आठवड्यांत हे बहुतेक शमते. फायदा मात्र लगेच सुरू होतो. बारा तासांत रक्तातला विषारी वायू उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. आणि धूम्रपानाने क्षयाचा धोका दुपटीच्या आसपास वाढतो, तोही घटू लागतो. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या आपल्या वस्तीला या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व जास्त आहे.

पैशाचेही बोलू. एक सिगारेट पंधरा रुपयांची धरा. बारा सिगारेटी म्हणजे रोजचे एकशे ऐंशी, महिन्याचे पाच हजार चारशे, वर्षाचे पासष्ट हजार सातशे. एवढ्यात पोरीची महाविद्यालयाची फी किती वर्षे भरता येईल, याचा हिशेब घरी जाऊन वहीतच करा.

आता भगिनींशी आणि घरातल्या माणसांशी थोडे. आपल्या महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणे शंभर प्रौढांत सुमारे सत्तावीस जण तंबाखू घेतात. त्यात धूर काढणारे जेमतेम चार, बाकी जवळजवळ सगळे खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे. म्हणजे नवऱ्याच्या सिगारेटवर बोलताना पदराखालची मिसरी आणि पोराच्या खिशातली खऱ्र्याची पन्नी विसरून चालणार नाही. "अर्धाच तं खर्रा खातो न बाप्पा" म्हणणाऱ्यालाही तीच वही आणि तीच तारीख लागू आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तिखट सोसेना, तोंडात तीन बोटे उभी जाईनाशी झाली, तर वाट पाहू नका. शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दाखवा. वेळेवर दाखवलेला चट्टा बरा होऊ शकतो.

घरात सोडणारा माणूस असेल तर त्याला टोमणे मारू नका. "दोन दिवसांत पुन्हा ओढशील" हे वाक्य ऐकले की तो खरोखरच ठेल्यावर जातो. ते पहिले तीन दिवस त्याची चिडचिड आजारपण समजून सोसा. चुकून एखादी ओढलीच तर "गेलं सगळं" म्हणू नका, पुढच्या दिवसापासून वही पुन्हा सुरू करा. बहुतेकांना दोन-चार प्रयत्न लागतात. आणि एक हात जोडून विनंती, लेकरांच्या हाती पैसे देऊन बिडी, खर्रा आणायला पाठवू नका. अठरा वर्षांखालच्याला विकणे गुन्हा आहे, आणि ठेल्याची वाट आपणच त्याला दाखवतो.

ज्या आईच्या मुलाच्या दप्तरात व्हेप सापडला तिला आमचे सांगणे वेगळे आहे. मारझोड करू नका. हे यंत्र सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांसाठी निघाले होते. ज्याने सिगारेट कधी ओढलीच नाही त्या मुलाला त्यापासून फायदा शून्य आणि बंधन पूर्ण. वाढत्या वयाच्या मेंदूला निकोटीन लवकर पकडते. त्याला जवळ बसवा, कुठून आणले विचारा, आणि आम्हाला किंवा शाळेतल्या विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. मूल आपले आहे, ते गुन्हेगार नाही. विकणारा गुन्हेगार आहे.

काहीजण आम्हाला विचारतात, पाचव्या शिलात तर मादक पदार्थांचे सांगितले आहे, तंबाखूने कुठे झिंग येते? बावीस प्रतिज्ञांतही दारूचेच नाव आहे. शब्दाचा अर्थ सांगण्याचा अधिकार भन्तेजींचा, आमचा नाही. आम्हाला एवढेच दिसते की जो पदार्थ दर दोन तासांनी माणसाला हातातले काम सोडून उठायला लावतो, तो मनाचा मालक झालेला असतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी मोठमोठ्या मालकांपुढे मान वाकवायची नाही असे ठरवले. पंधरा रुपयांच्या कांडीपुढे आपण ती का वाकवावी?

शेवटी विहारासाठी दोन सूचना. एक, विहाराच्या आवारात आणि आपल्या लग्नात, नामकरणात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तंबाखू-बिडीचे ताट फिरवणे बंद करावे. दुसरी, वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास, जे सोडू इच्छितात त्यांनी वह्या घेऊन एकत्र बसावे. कोणी कोणाला हसणार नाही, आकडा वाढला तरी नाही. एकट्याने सोडणे अवघड, चार जणांनी मिळून सोडणे तेवढे अवघड नाही. वह्या आम्ही आणल्या आहेत. बाहेर चपलांच्या मांडणीजवळ टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना ज्याला हवी त्याने न्यावी. आजोबांनी पहिली न्यावी, अशी आमची इच्छा आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!